सकाळी तट, दुपारी माग, संध्याकाळी तळे: सोलापूरचे तीन दिवस

सोलापुरात उतरणारे बहुतेक प्रवासी सोलापूर पाहायला आलेले नसतात. ते अक्कलकोटला, तुळजापूरला किंवा पंढरपूरला निघालेले असतात. वाटेत गाडी थांबते, दोन चादरी आणि पाव किलो शेंगा चटणी घेतली जाते आणि गाडी पुढे जाते. या शहरात आयुष्य काढलेल्या माणसाला ते थोडे लागते, हे मान्य करून टाकतो. पण दोष सगळा पाहुण्यांचा नाही. सोलापूर नेमके कोणत्या क्रमाने पाहावे हे त्यांना कोणी सांगितलेले नसते, आणि भर दुपारी बारा वाजता किल्ल्याच्या तटावर उभे राहिलेला माणूस या गावाबद्दल चांगले बोलेल अशी अपेक्षा कोणी ठेवू नये. गेल्या अनेक वर्षांत पुण्या-मुंबईचे नातेवाईक आणि मित्र यांना हिंडवताना एक वेळापत्रक आपोआप तयार झाले. सकाळच्या कोवळ्या उन्हात दगडी बांधकाम, ऊन तापले की माग आणि पेठा, आणि उन्हे कलली की पाणी व झाडे, असा तो क्रम आहे. खाली तोच तीन दिवसांवर पसरून सांगतो.

निघण्यापूर्वी

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा सोलापूरचा खरा हंगाम. मार्चच्या मध्यापासून ऊन चढू लागते आणि एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळीसच्या वर जाऊन बसतो. त्या दिवसांत लहान मुले आणि वयस्कर माणसे घेऊन येण्याचा हट्ट करू नये. मात्र नळदुर्गचा धबधबा पाहायचा असेल तर पावसाळा, तोही चांगला झालेला पावसाळा, हाच पर्याय आहे. शेतावर बसून हुरडा खायचा असेल तर डिसेंबर-जानेवारी गाठावा. मकर संक्रांतीच्या आगेमागे सिद्धरामेश्वरांची गड्डा यात्रा असते. तेव्हा शहर वेगळेच असते, पण निवांतपणा मिळत नाही आणि राहण्याच्या जागा आधीच भरलेल्या असतात. यात्रा पाहायची आहे की शहर, हे पहिल्यांदा ठरवावे. पहिल्याच भेटीत दोन्ही साधत नाही.

पुण्याहून सोलापूर सुमारे अडीचशे किलोमीटर आहे आणि रस्ता चौपदरी आहे. मुंबईकरांसाठी रात्री निघून सकाळी पोहोचवणारी सिद्धेश्वर एक्स्प्रेस सर्वांत सोयीची, कारण उतरल्यावर सकाळ हातात राहते. २०२३ च्या फेब्रुवारीपासून वंदे भारतही धावते आहे. मुक्काम स्टेशन, सात रस्ता किंवा पार्क चौक यांच्या आसपास ठेवावा. किल्ला, सिद्धेश्वर मंदिर आणि हुतात्मा चौक तिथून जवळ पडतात आणि शहरात रिक्षावर काम भागते. स्वतःची किंवा भाड्याची गाडी फक्त शहराबाहेरच्या ठिकाणांसाठी लागते.

घरून निघतानाच दोन गोष्टी करून ठेवाव्यात. शुक्रवार, शनिवार, रविवार असा बेत असेल तर मागांचा भाग शुक्रवारी किंवा शनिवारी ठेवावा आणि ज्या कारखान्यात जायचे त्याचा सुट्टीचा वार फोन करून विचारून घ्यावा. दुसरे म्हणजे पिशवीत एक पांढरा हातरुमाल आणि शिंप्याची मोजपट्टी टाकावी. ती कशासाठी, हे चादरीच्या दुकानात कळेल.

पहिली सकाळ: भुईकोट आणि तळे

सकाळी किल्ला उघडण्याच्या वेळेलाच दारात असावे. सोलापूरचा किल्ला भुईकोट, म्हणजे सपाट जमिनीवरचा आहे. डोंगरी किल्ल्यांची सवय झालेल्या डोळ्यांना तो आधी किल्ला वाटतच नाही, बागेची उंच भिंत वाटते. सह्याद्रीतल्या गडाला डोंगराचा कडा राखतो. इथे कडा नाही, म्हणून तेच काम माणसाला करावे लागले: एकात एक अशी दुहेरी तटबंदी, बाहेरून खंदक, आणि एका बाजूला सिद्धेश्वर तलावाचे पाणी. बहमनी काळात उभ्या राहिलेल्या या किल्ल्यासाठी पुढे विजापूरची आदिलशाही आणि अहमदनगरची निजामशाही कित्येक पिढ्या झगडत राहिल्या. सीमेवरचे गाव असल्याने तो आज यांच्याकडे तर उद्या त्यांच्याकडे, असे चालले. मे १८१८ मध्ये, पेशवाईच्या अखेरच्या लढायांत, इंग्रजांनी तो घेतला.

आत शिरताना घाई करू नये. दरवाज्यातून वाट सरळ आत जात नाही, ती वळते. धावत आलेल्या हत्तीला किंवा घोडदळाला वेग मिळू नये म्हणून हे वळण ठेवलेले असते. तिथेच थांबून मागे वळून पाहावे, आणि शत्रू म्हणून आपण या जागी अडकलो असतो तर वरून किती बाजूंनी मारा झाला असता, याचा अंदाज घ्यावा. लहान मुलांना किल्ला समजावण्याचा याहून सोपा मार्ग मला सापडलेला नाही. आत जुन्या मंदिराचे अवशेष आहेत, कोरीव खांब आहेत. तटाच्या चिऱ्यांकडे नीट पाहत चालले की मध्येच एखादा नक्षीचा दगड आडवा बसवलेला दिसतो, कारण बांधकामाला जवळचा तयार दगड वापरायची रीत सगळ्याच राजवटींत होती. तटावर चढून तळ्याच्या बाजूला आले की पाण्यातले सिद्धेश्वर मंदिर समोर दिसते. छायाचित्र घ्यायचे तर इथूनच, आणि ऊन डोक्यावर यायच्या आत. पायऱ्या काही ठिकाणी झिजलेल्या आहेत आणि तटाला सगळीकडे कठडा नाही, तेव्हा मुलांचा हात धरूनच फिरावे.

किल्ल्यातून निघून चालतच मंदिरात जावे. बाराव्या शतकातले शिवयोगी सिद्धरामेश्वर हे बसवेश्वरांचे समकालीन आणि कन्नडमधले मोठे वचनकार. त्यांनी लोकांना हाताशी धरून तळे खोदविले, अशी परंपरा सांगते, आणि गावाभोवती अडुसष्ट शिवलिंगांची स्थापना केली. त्यांची समाधीही मंदिराच्या आवारातच आहे. देवळाच्या पायरीवर बसून आजूबाजूचे बोलणे ऐकावे. एका बाजूला कन्नड, दुसरीकडे तेलुगू, मध्ये मराठी आणि बाहेर फुलवाल्याची दख्खनी उर्दू, असे चार भाषांचे गाव एका पायरीवर बसून ऐकता येते.

यात्रेच्या दिवसांत आलात तर याच मंदिराकडे येणारे सात नंदीध्वज दिसतील. उंच काठ्यांना सजवून त्या तोलत तोलत मिरवणुकीने नेल्या जातात, म्हणून सोलापूरकर त्यांना सरळ ‘मानाच्या काठ्या’ म्हणतात. सिद्धरामेश्वरांच्या योगदंडाशी कुंभारकन्येचा विवाह झाला, अशी कथा आहे. अक्षता, होम आणि शोभेचे दारूकाम हे सगळे त्या विवाहाचेच विधी आहेत. पांढरी बाराबंदी घातलेले हजारो लोक ‘एकदा भक्तलिंग हर्र बोला हर्र’ म्हणत चालतात, आणि काठी तोलणाऱ्याच्या कमरेला, मानेला आणि दातओठांना किती ताण पडतो ते जवळून पाहिल्याशिवाय कळत नाही. होम मैदानावर पाळणे आणि खेळण्यांची दुकाने लागतात. अक्षता सोहळ्याची गर्दी मोठी असते. लहान मुले बरोबर असतील तर मिरवणूक रस्त्याच्या कडेने, एखाद्या ओळखीच्या घराच्या ओट्यावरून पाहणे बरे.

ऊन तापल्यावर: पूर्व भागातला माग

साडेदहा-अकराच्या सुमारास रिक्षावाल्याला ‘अशोक चौक’ किंवा ‘अक्कलकोट रोड एमआयडीसी’ सांगावे. या बाजूच्या वस्तीला गावात ‘पूर्व भाग’ म्हणतात. इथले बहुसंख्य विणकर पद्मशाली समाजाचे, मूळ तेलंगणातले. हातमागाच्या कामासाठी आणि गिरण्यांच्या ओढीने त्यांच्या मागच्या पिढ्या इथे आल्या आणि घरात तेलुगू, बाजारात मराठी असे राहू लागल्या. सिद्धेश्वर पेठेत त्यांचे मार्कंडेय मंदिर आहे आणि नारळी पौर्णिमेला मार्कंडेयांचा रथ निघतो. जुनी मिल, लक्ष्मी-विष्णू, नरसिंग गिरजी या मोठ्या गिरण्या एकामागून एक बंद पडल्या, गिरणीचा भोंगा गेला, पण छोट्या कारखान्यांतला यंत्रमागांचा आवाज अजून गल्ल्यांतून ऐकू येतो. तो आवाज आला की बरोबर जागी आलो असे समजावे.

कारखान्यात तिकीट लावून पाहण्याची सोय बहुधा नसते. म्हणून रीत अशी पाळावी: आधी कारखान्याला जोडलेल्या दुकानात शिरावे, काही घ्यायचे आहे हे सांगावे, आणि मग ‘माग बघायला मिळेल का?’ असे सरळ विचारावे. चार ठिकाणी विचारले तर निदान एका ठिकाणी होकार मिळतो. परवानगी मिळाली तरी छायाचित्राची परवानगी वेगळी मागावी, कारण नव्या नमुन्याची नक्कल होईल ही कारखानदाराची भीती खरी असते. ओढणी, पदर, मोकळे केस आवरून घ्यावेत, मुलांना मागाच्या पट्ट्यांपासून दूर ठेवावे आणि दुपारी एक ते दोन ही जेवणाची वेळ टाळावी. मी स्वतः एकदा पाहुण्यांची पूर्ण पलटण घेऊन बरोबर सव्वा वाजता पोहोचलो होतो. सगळे माग बंद, कामगार डबे उघडून बसलेले. त्यातल्या एका वयस्कर विणकराने “कुठनं आलाव? बसा की, दोन घास घ्या,” म्हणून आम्हालाच भाकरी पुढे केली. माग पाहायला त्या दिवशी आणखी पाऊण तास लागला, पण पाहुणे आजही त्या भाकरीची आठवण काढतात.

आत गेल्यावर पहिली दोन मिनिटे आवाजाने काही सुचत नाही. कान सरावले की नजर मागाच्या वर न्यावी. तिथे जॅकार्डची, म्हणजे नक्षी विणवणाऱ्या यंत्रणेची, चौकट असते आणि जुन्या पद्धतीच्या मागावर छिद्रे पाडलेल्या पुठ्ठ्यांची माळ तिच्यावरून फिरत असते. चादरीवरचा मोर किंवा वेल म्हणजे खरे तर ही माळच. एक पुठ्ठा म्हणजे विणीतली एक आडवी ओळ. जिथे छिद्र आहे तिथले आकडे, म्हणजे हूक, हलतात, त्यांना बांधलेले उभे धागे वर उचलले जातात, आणि उचललेल्या व खाली राहिलेल्या धाग्यांच्या फटीतून धोटा आडवा धागा घेऊन पलीकडे जातो. लगेच फणी येऊन तो धागा ठोकून बसवते, माळ एक घर पुढे सरकते आणि पुढचा पुठ्ठा खाली येतो. एका चादरीसाठी असे शेकडो पुठ्ठे लागतात, म्हणून नमुना बदलायचा तर माळच बदलावी लागते. आता संगणकावर चालणारे जॅकार्डही आले आहेत आणि तिथे पुठ्ठे दिसत नाहीत. जुना माग दाखवा, असे मुद्दाम सांगावे.

मागाच्या पुढे उभे राहून विणकराचे हात पाहावेत. उभ्या धाग्याला ताणा आणि आडव्याला बाणा म्हणतात. शेकडो धाग्यांच्या ताण्यातला एखादा तुटला की विणकर माग थांबवतो, दोन बोटांच्या चिमटीत तुटलेले टोक शोधतो आणि गाठ मारून पुन्हा माग सुरू करतो. हे इतके चटकन होते की गाठ कधी बसली ते दुसऱ्यांदा पाहिल्यावरच कळते. शेजारी कांड्या, म्हणजे धोट्यात बसणाऱ्या सुताच्या नळ्या, भरण्याचे काम चालू असेल तर तेही पाहावे. धोट्यातली कांडी संपली की माग थांबतो, त्यामुळे भरलेल्या कांड्यांची टोपली रिकामी होऊ न देणे हे त्या माणसाचे, बहुधा बाईचे, दिवसभराचे काम असते.

टॉवेलचा माग वेगळा असतो आणि तो पाहिल्याशिवाय निघू नये. इथे ताणे दोन असतात, एक ताठ आणि एक सैल. काही आडवे धागे विणून झालेल्या कापडाच्या कडेपासून थोडे अलीकडे सोडून ठेवतात आणि मग फणी त्या सगळ्यांना एकदम पुढे ढकलते. ताठ ताण्यावरून धागे घसरतात, पण सैल ताणा त्यांच्याबरोबर पुढे येऊन फुगतो, आणि त्याचेच फंदे होतात. टॉवेलचा मऊपणा आणि पाणी शोषण्याची ताकद ही त्या फंद्यांत असते. हे एकदा समजले की टॉवेल घेताना फंदे दाट आहेत की विरळ, हे आपोआप तपासले जाते.

चादर कशी घ्यावी

सोलापुरी चादर आणि सोलापुरी टेरी टॉवेल या दोहोंना भौगोलिक मानांकन मिळालेले आहे, म्हणजे हे नाव इथे विणलेल्या मालालाच लावता येते. तरीही परगावी, विशेषतः जत्रेत आणि हमरस्त्यावरच्या दुकानांत, दुसरीकडे विणलेल्या किंवा नुसत्या छापलेल्या चादरी याच नावाने विकल्या जातात. म्हणून चादर सोलापुरातच घ्यावी, शक्यतो कारखान्याच्या दुकानात किंवा चाटी गल्ली, नवी पेठ या भागांतल्या जुन्या दुकानांत.

चादर आधी पूर्ण उलगडावी. घडीवरून घेतलेली चादर घरी गेल्यावर बिछान्याला अपुरी पडते. मी स्वतः एका दुकानात ‘डबल’ या शब्दावर विश्वास ठेवून हा धडा घेतला आहे आणि तेव्हापासून मोजपट्टी खिशात असते. मग ती उलटी करून पाहावी. खऱ्या जॅकार्ड विणीत मागची बाजूही तितकीच स्पष्ट असते, फक्त रंगांची अदलाबदल होते. पुढून तांबड्यावर पांढरा मोर असेल तर मागून पांढऱ्यावर तांबडा. मागे नक्षी फिकट किंवा पुसट दिसली तर ती छापलेली आहे. त्यानंतर कडेची किनार हाताने ओढून पाहावी, ती सैल असेल तर धुतल्यावर चादर वेडीवाकडी होते. शेवटी पांढरा रुमाल किंचित ओला करून गडद रंगाच्या कोपऱ्यावर चोळावा. थोडा रंग लागला तर चिंता नाही, रुमाल लालभडक झाला तर दुसरी दाखवा म्हणावे. दुकानदार रागावत नाहीत. ज्याला कापड कळते त्याच्याशी बोलायला त्यांना उलट आवडते. सूत शुद्ध आहे की मिश्र, हेही विचारून घ्यावे. मिश्र चादर हलकी आणि स्वस्त असते, पण उन्हाळ्यात अंगाला चिकटते.

चादरीखेरीज दोन गोष्टी पाहण्यासारख्या आहेत. हातमागावर विणलेली भिंतीवरची चित्रे हे सोलापूरचे खास काम आहे. त्यात रंगवलेले काही नसते. माणसाचा चेहरा, गालावरची सावली, दागिन्याची चमक हे सगळे धाग्यांनी भरलेले असते. जवळून पाहिले की नुसती रंगीत सुतांची गर्दी दिसते आणि चार पावले मागे गेले की चेहरा उभा राहतो. अशा कामाला वेळ लागतो आणि हाताने करणारे आता थोडे उरले आहेत, म्हणून त्याची किंमत चादरीच्या किंमतीशी ताडून पाहू नये. साड्यांत नारायणपेठ आणि इरकल विचारावी.

पहिल्या दिवसाची संध्याकाळ

चार वाजल्यानंतर पुन्हा गावात यावे. वारद घराण्याने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बांधलेले इंद्रभुवन हे पार्क चौकाजवळ आहे आणि तिथे महापालिकेचा कारभार चालत आला आहे. कचेरीची इमारत म्हणून आत मनमुराद हिंडता येत नाही, पण बाहेरून खांब, सज्जे आणि मूर्तिकाम पाहण्यात अर्धा तास सहज जातो. चादरीच्या आणि कापसाच्या व्यापाराने एके काळी या गावात किती पैसा आणला, हे या एका इमारतीवरून समजते.

तिथून चार हुतात्म्यांच्या पुतळ्यांपाशी थांबावे. १९३० च्या मे महिन्यात सोलापूरच्या गिरणी कामगारांनी आणि नागरिकांनी काही दिवस इंग्रजी सत्ता गावातून जवळजवळ हद्दपार केली होती. त्याची किंमत म्हणून मार्शल लॉ आला आणि मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि अब्दुल रसूल कुर्बान हुसेन यांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्याच्या तुरुंगात फाशी देण्यात आले. मुलांना ही नावे मोठ्याने वाचायला लावावीत. चार नावांत गावाची सगळी वस्ती येते. वेळ उरला तर भैय्या चौकातल्या डॉ. द्वारकानाथ कोटणीस यांच्या स्मारकात जावे. १९१० मध्ये सोलापुरात जन्मलेला हा डॉक्टर चीनमधल्या जखमी सैनिकांवर उपचार करता करता १९४२ मध्ये तिथेच वारला. स्मारक छोटे आहे, तासाभरात पाहून होते, मात्र बंद होण्याची वेळ आधी विचारून घ्यावी.

दुसरा दिवस: झाडे, पाणी आणि माळ

सोलापूरच्या बागा पाहताना म्हैसूर किंवा उटी डोक्यात ठेवू नये. पाऊस कमी, जमीन काळी आणि ऊन कडक, अशा गावात बाग म्हणजे आधी सावली आणि मग फुले. विजापूर रस्त्यावरचा सिद्धेश्वर वनविहार पहाटे फिरण्यासाठी चांगला आहे, आणि त्याच बाजूला धर्मवीर संभाजी तलाव, म्हणजे जुन्या लोकांचा कंबर तलाव आहे. किल्ल्यालगतची हुतात्मा बाग मात्र संध्याकाळची, मुलांना खेळायला सोडून आपण बाकावर बसण्यासाठी.

झाडांपेक्षा मोकळा माळ पाहण्यात रस असेल, तर पहाटे नान्नजला जावे असे मी सुचवीन. शहरापासून सुमारे २० किलोमीटरवर बार्शीच्या रस्त्याला माळढोक पक्षी अभयारण्य आहे. १९७९ मध्ये ते माळढोकासाठी राखले गेले, पण हा पक्षी आता दिसणे अत्यंत दुर्मीळ झाले आहे, आणि तो दिसेल अशी खात्री देणाऱ्यावर विश्वास ठेवू नये. काळवीट मात्र दिसतात. पहाटेच्या धुरकट उजेडात पिवळ्या गवतातून काळवीट उड्या मारत जातात तेव्हा कोरड्या माळाचेही एक सौंदर्य आहे हे पटते. वनखात्याची परवानगी आणि वाटाड्या घेऊनच आत जावे, मातकट रंगाचे कपडे घालावेत, आणि गाडीतून उतरून प्राण्यांच्या मागे धावू नये. लांडगाही या माळावर आहे. तो दिसला तर नशीब, नाही दिसला तरी तो आपल्याला पाहून गेला असण्याचा संभव अधिक.

परतल्यावर जेवण आणि विश्रांती. संध्याकाळी पाच वाजता तुळजापूर रस्त्यावरच्या हिप्परगा तलावावर जावे. जुन्या कागदांत एकरूख तलाव म्हणून ओळखला जाणारा हा जलाशय इंग्रजांनी आदिला नदीवर मातीचा बांध घालून १८७१ मध्ये पुरा केला. हिवाळ्यात पाणपक्षी येतात, म्हणून दुर्बीण असेल तर जवळ ठेवावी. पाण्याची पातळी वर्षागणिक बदलते. कमी पावसाच्या वर्षी तळ्याचा बराच भाग उघडा पडतो.

तिसरा दिवस: बाहेर कुठे जावे

तिसऱ्या दिवशी चार दिशांना चार ठिकाणे आहेत आणि सगळी एका दिवसात उरकण्याचा मोह होतो. एक, फार तर दोन निवडावीत.

मला विचाराल तर कुडल आधी. सोलापूरच्या दक्षिणेला सुमारे ४० किलोमीटरवर, भीमा आणि सीना यांच्या संगमावर हत्तरसंग कुडल आहे. संगमेश्वर मंदिरातल्या तुळईवर शके ९४०, म्हणजे इ.स. १०१८ चा शिलालेख आहे आणि तो ज्ञात मराठी लेखांत सर्वांत जुन्यांपैकी एक मानला जातो. ‘जो हे वाचील तो विजयी होईल’ अशा अर्थाची त्यातली ओळ आहे. अक्षरे उंचावर आणि झिजलेली असल्याने नुसत्या डोळ्यांनी ती पटकन सापडत नाहीत. विजेरी तिरकी धरून प्रकाश पाडला की कोरलेल्या रेषांत सावली बसते आणि अक्षर उठून दिसते. जवळच्या हरिहरेश्वर मंदिरात साडेतीनशेहून अधिक मुखे कोरलेले शिवलिंग आहे. ते १९९९ च्या उत्खननात मातीखालून बाहेर आले. मुखे मोजायचा नाद सोडून दोन-चार चेहरेच नीट पाहावेत, प्रत्येकाचा भाव निराळा आहे. वाटेत हॉटेले नाहीत, तेव्हा पाणी आणि डबा बरोबर घ्यावा.

पावसाळ्यात आलात तर मात्र निवड बदलावी आणि हैदराबाद रस्त्याने सुमारे ५० किलोमीटरवरच्या नळदुर्गला जावे. हा किल्ला धाराशिव जिल्ह्यात येतो. बोरी नदीचे पाणी किल्ल्याच्या कुशीत वळवून बांध घातला आहे आणि दुसऱ्या इब्राहिम आदिलशाहाच्या काळात त्या बांधाच्या पोटातच पाणीमहाल बांधला गेला. नदी भरली की बांधावरून ‘नर’ आणि ‘मादी’ असे दोन धबधबे कोसळतात आणि महालाच्या झरोक्यात उभे राहिले की पाण्याचा पडदा डोळ्यांसमोर पडत असतो, तरी आतली जमीन कोरडी राहते. चारशे वर्षांपूर्वीच्या गवंड्यांनी पाण्याच्या भाराचा हिशेब कसा केला असेल, याचा विचार करत तिथे कितीही वेळ काढता येतो. नऊ पाकळ्यांचा नवबुरूज आणि उंच उपळी बुरुजावरच्या लांब तोफा पाहायला दोन तास तरी धरावेत. शेवाळलेल्या पायऱ्यांवर चांगली पकड असलेली पादत्राणे हवीत. निघण्यापूर्वी धबधबे चालू आहेत का, एवढे नळदुर्गात कोणाला तरी फोन करून विचारावे. कोरडा बांध पाहून हिरमुसलेले पाहुणे मी परत आणलेले आहेत.

अक्कलकोट सुमारे ४० किलोमीटरवर आहे. स्वामी समर्थांच्या वटवृक्ष मंदिराची ख्याती सर्वांना ठाऊक आहे, पण संस्थानच्या राजवाड्यातला शस्त्रसंग्रह फार कमी लोक पाहतात. दर्शन आणि संग्रह दोन्ही करायचे असतील तर गुरुवार टाळावा. मंगळवेढ्याच्या वाटेवरचे माचणूर सर्वांत शांत: भीमेचा घाट, सिद्धेश्वराचे देऊळ आणि लहानसा किल्ला. सतराव्या शतकाच्या अखेरीस औरंगजेबाची छावणी या परिसरात, ब्रह्मपुरीला कित्येक वर्षे पडून होती. देवळाच्या पायऱ्यांवर बसून नदीकडे पाहण्यासाठी तासभर पुरतो.

जेवण आणि बांधाबांध

तिन्ही दिवस एक तरी जेवण ज्वारीच्या भाकरीचे ठेवावे. बरोबर नेण्यासाठी कडक भाकरी घ्यावी. पापडासारखी पातळ आणि कुरकुरीत ही भाकरी कोरड्या डब्यात बरेच दिवस टिकते. शेंगा चटणी मात्र यंत्रात दळलेली घेऊ नये. उखळात कांडलेल्या चटणीत शेंगदाण्याचे तेल सुटून ती किंचित ओलसर, गोळा होणारी होते आणि लसूण दाताखाली येतो. यंत्रातली कोरडी, भुकटीसारखी असते. दुकानदाराकडून चिमूटभर मागून बोटांत दाबून पाहिली की फरक लगेच कळतो. संक्रांतीच्या सुमारास शेंगाची पोळीही मिळते.

चटणीची पुडी चादरीच्या पिशवीत घालू नये, तेल लागते. चादरी घरी नेल्यावर पहिल्या वेळी थंड पाण्यात मूठभर मीठ टाकून एकेक वेगळी भिजवावी, पिळू नये, आणि सावलीत, उलटी बाजू वर करून वाळत घालावी.